धोरणबदल आणि निष्ठा : लासलगावच्या बाजारातून नोकियाकडे पाहताना

२०११ सालच्या फेब्रुवारी महिन्यात दोन धोरणे बदलली. त्यांपैकी एक लासलगावच्या कांदा उत्पादकांच्या जीवनमरणाशी निगडित होते. डिसेंबर २०१० मध्ये देशभर कांद्याचे भाव कडाडले तेव्हा केंद्र सरकारने निर्यात बंद केली. पुढे नवा लाल कांदा बाजारात येऊ लागला, भाव कोसळले, आणि उत्पादकांच्या संतापानंतर फेब्रुवारीत ती बंदी उठवावी लागली. दुसरा बदल लंडनमध्ये जाहीर झाला. ११ फेब्रुवारीला फिनलंडच्या नोकिया कंपनीने, स्मार्टफोनांसाठी वर्षानुवर्षे जोपासलेली सिम्बियन ही कार्यप्रणाली बाजूला सारून आपण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची कास धरत आहोत, असे सांगितले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काहीही नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तरीही त्या एकत्र आठवतात, याचे कारण साधे आहे. लासलगावच्या मार्केट यार्डात ट्रॉलीशेजारी उभे राहून निर्यातबंदीवर तावातावाने बोलणाऱ्या माणसाच्या खिशात त्या काळी बहुधा नोकियाचाच फोन असे.

नोकियाच्या ऱ्हासाची कहाणी व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात पुष्कळदा सांगून झाली आहे. कोणत्या अधिकाऱ्याने कोणता निर्णय केव्हा चुकवला, याची त्यात बारकाईने नोंद असते. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या कहाणीची एक वेगळी बाजू पाहायची आहे. कंपनीने दिशा बदलली तेव्हा तिच्या निष्ठावंत वापरकर्त्यांमध्ये जगभर जो वाद पेटला, तो वस्तुतः कशाविषयी होता? वरवर पाहता तो कार्यप्रणालींच्या गुणावगुणांविषयी होता. आमच्या मते त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न होता, आणि तो लासलगावला फार पूर्वीपासून ठाऊक आहे : धोरण बदलणारा एक असतो, त्या धोरणावर विसंबून घर चालवणारा दुसरा असतो, मग बदलाची किंमत कोणी मोजायची?

प्रथम ही निष्ठा कशी निर्माण झाली ते पाहू. भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी वापरलेला फोन नोकियाचा होता. २००० साली कंपनीने ३२१० या मॉडेलात हिंदी मेनू आणला. २००३ साली भारतीय परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला ११०० बाजारात आला. त्याला धूळ आत जाऊ न देणारा कळफलक होता, हातातून निसटू नये अशा खरबरीत कडा होत्या आणि माथ्यावर छोटी बॅटरी होती. या मॉडेलाचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच वर्षी भारतात येणाऱ्या फोनचे पैसे लागणे बंद झाले आणि मोबाइल ही श्रीमंतांची चैन उरली नाही. २००४ मध्ये ‘सरल मोबाइल संदेश’ या नावाने देवनागरीतून संदेश लिहिण्याची सोय अनेक मॉडेलांवर आली, आणि २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे कंपनीचा कारखाना उभा राहिला. भारताच्या बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक हिस्सा काही वर्षे या एका कंपनीकडे होता.

या तपशिलांचा लासलगावच्या संदर्भात अर्थ काय होतो, ते पाहण्याजोगे आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत साठवून ठेवला की पुढे पाच-सहा महिने टप्प्याटप्प्याने विकता येतो. या काळात उत्पादकापुढे रोज एकच प्रश्न असतो : आज काढावा की थांबावे? आणि काढलाच तर ट्रॉली लासलगावला न्यावी, विंचूरला न्यावी, की पिंपळगाव बसवंत किंवा येवला गाठावे? यार्डातला पहिला लिलाव कितीला सुटला हे कळायला पूर्वी कोणी तरी परत येईपर्यंत वाट पाहावी लागे. नाही तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे वाचावे लागत. मोबाइल आल्यावर ट्रॉली वाटेत असतानाच भाव कळू लागला. रात्री चाळीत कांदा पाहायला जाताना ११०० ची बॅटरी उपयोगी पडे. मातीने भरलेल्या बोटांनी कळा दाबल्या तरी फोन कुरकुरत नसे. दिव्याच्या भारनियमनात दोन दोन दिवस चार्जिंग न करता तो चाले. निष्ठा हा शब्द आपण सहसा भावनेच्या प्रदेशातला मानतो. येथे तिचा उगम वापरात होता. बोटांना कळांची जागा पाठ झालेली असते, कोणता पर्याय कितव्या ओळीत आहे हे न पाहता सांगता येते, आणि हे शिकणे एकदा झाले की माणूस ते पुन्हा शिकायला नाखूष असतो. निष्ठेचा पुष्कळसा भाग अशा कमावलेल्या सवयीचा असतो.

नोकियाच्या फोनांचे मात्र दोन मजले होते, आणि ही गोष्ट पुढील वादात सतत विसरली गेली. खालच्या मजल्यावर साधे फोन होते. त्यांत एस-३० आणि एस-४० या नावांनी ओळखली जाणारी हलकी सॉफ्टवेअरे चालत. वरच्या मजल्यावर सिम्बियन होती. १९९८ साली सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी एकत्र येऊन ती वाढवायला घेतली होती, आणि २००८ मध्ये नोकियाने ती पूर्णपणे आपल्याकडे घेतली. गार्टनर या संस्थेच्या मोजणीनुसार २००७ साली जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांपैकी सुमारे ६३ टक्के सिम्बियनवर चालत होते. त्याच वर्षी ॲपलचा आयफोन आला, पुढील वर्षी गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला, आणि २०१० साली सिम्बियनचा वाटा सुमारे ३७ टक्क्यांवर उतरला. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यासाठी सिम्बियन मुळात घडवलेलीच नव्हती. तिच्यावर एकामागून एक थर चढवून काम भागवले जात होते.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन एलॉप नोकियाचे मुख्याधिकारी झाले. फिनलंडबाहेरची व्यक्ती या पदावर प्रथमच आली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेले एक अंतर्गत पत्र बाहेर फुटले. उत्तर समुद्रातील तेलविहिरीच्या फलाटाला आग लागली आहे आणि फलाटावरच्या माणसाने जळून मरायचे की गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारायची हे ठरवायचे आहे, असे रूपक त्यात योजले होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या पत्रात रस वाटावा असे आणखी काही आहे. आपल्यामागे लागलेल्या आगी एलॉप यांनी तीन सांगितल्या होत्या : वरच्या किमतीच्या गटात ॲपल, मधल्या गटात अँड्रॉइड, आणि खालच्या गटात शेनझेनच्या परिसरात तयार सुट्या भागांतून झपाट्याने फोन जुळवणारे उत्पादक. निदान तिन्ही आगींचे होते. काही दिवसांनी लंडनमध्ये जो उपाय जाहीर झाला त्यात पुढच्या अब्जावधी ग्राहकांना जोडण्याची घोषणाही होती. परंतु चर्चेचा सारा झोत विंडोज फोनवर पडला, आणि तिसऱ्या आगीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

घोषणेच्या दिवशी कंपनीच्या समभागाचा भाव सुमारे १४ टक्क्यांनी घसरला. फिनलंडमधील टाम्पेरे येथे शेकडो कर्मचारी काम थांबवून बाहेर पडले. वापरकर्त्यांमध्ये जो वाद सुरू झाला त्याचे स्थूलमानाने चार पक्ष सांगता येतील. पहिला पक्ष सिम्बियनचाच पाठीराखा होता. एका वेळी अनेक कामे, दीर्घकाळ टिकणारी बॅटरी, मेमरी कार्ड, ब्लूटूथवरून देवाणघेवाण, इंटरनेटविना चालणारे नकाशे हे सारे आमच्या फोनात आजच आहे, थोडा धीर धरा, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाला सिम्बियन थकल्याचे मान्य होते. पण इंटेलच्या सहकार्याने विकसित होत असलेली मीगो ही आपली स्वतःची कार्यप्रणाली हाताशी असताना परक्याच्या दारी का जावे, असा त्याचा सवाल होता. जून २०११ मध्ये मीगोवरचा एन-९ हा देखणा फोन जाहीर झाला आणि त्याला मार्ग असल्याचे दिसूनही कंपनी तो सोडणार हे कळले, तेव्हा या पक्षाची जखम अधिकच चिघळली. तिसरा पक्ष म्हणे, जग अँड्रॉइडकडे चालले आहे, तिकडेच चला. चौथ्या पक्षाने एलॉप यांचा युक्तिवाद उचलून धरला : अँड्रॉइडच्या गर्दीत नोकिया अनेकांतील एक ठरेल, विंडोजबरोबर गेल्यास तिसरी शक्ती उभी राहील.

हा चौथा युक्तिवाद आज हास्यास्पद वाटत असला तरी त्या वेळी तो तसा नव्हता, हे इतिहास लिहिताना ध्यानात ठेवले पाहिजे. निकाल ठाऊक असलेल्या माणसाला सगळे शहाणपण आयते मिळते. अँड्रॉइडवर फोन बनवणाऱ्या अनेक नामांकित कंपन्या पुढील दशकात नफ्यासाठी झगडताना किंवा व्यवसाय गुंडाळताना दिसल्या, तेव्हा एलॉप यांची भीती निराधार नव्हती. दुसरीकडे संशयही पराकोटीला गेला होता. त्याच महिन्यात बार्सिलोनातील जाहीर सभेत एलॉप यांना श्रोत्यांतून थेट विचारले गेले की, आपण मायक्रोसॉफ्टने पाठवलेला ट्रॉयचा घोडा आहात काय? त्यांनी अर्थातच इन्कार केला.

निष्ठावंतांच्या अशा वादाचा विचार करताना अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेखानी पुस्तक उपयोगी पडते. संस्था घसरणीला लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात, असे हर्शमन मांडतात. एक वाट मुकाट्याने निघून जाण्याची, दुसरी आत राहून आवाज उठवण्याची. निष्ठा निघून जाण्याला विलंब लावते आणि आवाजाला अवसर देते. म्हणूनच ती संस्थेला सावरायला वेळ मिळवून देते. मात्र आवाजाला वजन येते ते निघून जाण्याची शक्यता जिवंत असेल तरच. नोकियाच्या वादात हा दुबळेपणा लवकरच दिसून आला. घोषणेनंतर काही दिवसांतच नऊ तरुण भागधारकांच्या नावाने एक खुले पत्र निघाले. एलॉप यांना दूर करा, विंडोज फोन अमेरिकेपुरता ठेवा, मीगोला मुख्य स्थान द्या, अशा त्यातील मागण्यांनी निष्ठावंतांना मोठा धीर आला. दोनेक दिवसांत ती मोहीम मागे घेण्यात आली, आणि नंतर उघड झाले की नऊ भागधारक कधी नव्हतेच. कंटाळा आलेल्या एका अभियंत्याने तो बनाव रचला होता आणि तो स्वतः आयफोनवर खूष होता. या प्रसंगाला हसणे सोपे आहे. आम्हांला त्यात दिसते ते वेगळेच. ज्यांना मत मांडण्याचे कोणतेही अधिकृत ठिकाण नाही, त्यांना कोणाचाही उसना आवाज आपला वाटू लागतो.

येथे लासलगावशी तुलना करून पाहावी. १९४७ साली स्थापन झालेली येथील बाजार समिती ही कायद्याने बांधलेली संस्था आहे. तिचे संचालक निवडून येतात, तेथील लिलाव उघड्यावर होतो, आणि भाव पडला तर शेतकरी लिलाव बंद पाडतात, रस्त्यावर कांदा ओततात, चक्काजाम करतात. या मार्गांनी दर वेळी न्याय मिळतो असे नाही. पण आवाज कोठे उठवायचा हे तरी ठाऊक असते. फोन वापरणाऱ्यापाशी नवा फोन न घेणे एवढेच शस्त्र होते, आणि ते उगारले की निष्ठाच संपत होती.

निष्ठावंतांचे तंत्रज्ञानाविषयीचे म्हणणे आम्ही ग्राह्य धरत नाही. सिम्बियनचे दिवस भरत आले होते आणि एलॉप यांचे निदान बव्हंशी बरोबर होते. मात्र एका मुद्द्यावर सामान्य वापरकर्त्यांची अस्वस्थता कंपनीच्या हिशेबापेक्षा अधिक शहाणी ठरली, आणि तो मुद्दा समजण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. लासलगावच्या यार्डात एक सकाळ घालवली तरी पुरे. उद्यापासून आवक दुप्पट होणार अशी खात्रीलायक बातमी आज लिलावाच्या वेळी फुटली, तर आजच्या मालाचा भाव आजच पडतो. व्यापारी हात आखडता घेतो, कारण आज घेतलेला माल उद्या खळ्यावर पडून राहील. नोकियाने फेब्रुवारीत आपल्या चालू मालाचा शेवट जाहीर केला आणि त्याच वेळी सिम्बियनचे आणखी १५ कोटी फोन विकण्याची अपेक्षाही व्यक्त केली. नवा माल बाजारात यायला मात्र वर्षाची अखेर उजाडली. ल्युमिया ८०० ची घोषणा ऑक्टोबर २०११ मध्ये झाली. मधल्या आठ महिन्यांत, कंपनीनेच ज्याला मरणपंथाला लावले तो फोन पैसे मोजून कोणी का घ्यावा? निष्ठावंत नेमके हेच विचारत होते, आणि त्यांचा प्रश्न भावुकपणा म्हणून बाजूला सारला गेला.

त्यावर कडी म्हणजे ज्यांनी नव्या धोरणावर विश्वास ठेवून ल्युमिया घेतला, त्यांच्या वाट्यालाही तेच आले. जून २०१२ मध्ये विंडोज फोन ८ जाहीर झाला आणि आधीचे सगळे ल्युमिया त्यावर नेता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. त्यांतला ल्युमिया ९०० तर जेमतेम दोन महिन्यांपूर्वी विक्रीला आला होता. निर्यात खुली आहे असे समजून चाळ भरायची आणि माल काढायच्या वेळी बंदी ऐकायची, हा अनुभव येथील उत्पादकाने २०१० नंतरही सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये घेतला. प्रत्येक वेळी बंदीमागे काही ना काही कारण होते आणि शहरी ग्राहकाच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. परंतु साठवण ही विश्वासावर केलेली गुंतवणूक असते. साठवणाऱ्याला सावरायला अवधी न देता जे धोरण बदलते, ते पुढच्या वेळचा विश्वासही आधीच खर्च करून टाकते.

आता खालच्या मजल्याकडे येऊ. वर सांगितलेल्या चार पक्षांत लासलगावच्या यार्डातील बहुसंख्य माणसे कोठेच नव्हती, कारण त्यांच्या खिशातला फोन सिम्बियनवर चालत नव्हता आणि विंडोज फोनची किंमत त्यांच्या आवाक्यात नव्हती. भारतात ल्युमिया ८०० आला तो सुमारे ३० हजार रुपयांना. आणि तरीही नोकियाने या माणसांसाठी जे केले ते वरच्या मजल्यावरील कोणत्याही प्रयोगाइतकेच मोलाचे होते. त्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली, ही गोष्ट आपल्याकडेही फारशी लक्षात नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा महाराष्ट्रात सुरू केली. शेतकऱ्याने निवडलेल्या पिकांचे बाजारभाव आणि हवामान त्याच्या फोनवर मराठी संदेशातून येई. पाठोपाठ नोकियाने ‘लाइफ टूल्स’ आणले. २००८ च्या अखेरीस जाहीर झालेल्या या सेवेची चाचणी महाराष्ट्रात झाली आणि २००९ मध्ये ती आयडिया सेल्युलरच्या जोडीने बाजारात आली. राज्य कृषी पणन मंडळाचा तिच्यात सहभाग होता. २३२३ आणि २३३० यांसारख्या स्वस्त फोनांत ती आधीच भरलेली असे. इंटरनेटची गरज नसे, कारण सारे काम साध्या संदेशांवर चाले आणि पडद्यावर चित्रांच्या मेनूतून दिसे. महिना ३० रुपयांत हवामान व शेतीविषयक सल्ला मिळे, ६० रुपयांत जवळच्या बाजारांतील भावही मिळत.

या सेवांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली केरळमधील मासेबाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मोबाइलमुळे तेथील बंदराबंदरांतील भावांची तफावत घटल्याचे दाखवले, तेव्हा सर्वत्र मोठा आशावाद पसरला. परंतु मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत रॉयटर्सच्या सेवेची काटेकोर चाचणी घेतली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कांद्यासह पाच पिकांचा त्यात समावेश होता. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना इतरांपेक्षा उल्लेखनीय अधिक भाव मिळाल्याचे त्यांना आढळले नाही. लासलगावच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. भाव ठाऊक असणे आणि भाव मिळवता येणे यांच्यामध्ये वाहनभाडे, साठवण, देणेकऱ्यांची घाई आणि दिल्लीची अधिसूचना एवढ्या गोष्टी उभ्या असतात. तरीही आपल्या भाषेतला आकडा आपल्या हातात असण्याचे मोल केवळ रुपयांत मोजून संपत नाही, असे आम्हांला वाटते. चाळीतून आज काढायचे की थांबायचे, हा निर्णय निदान दुसऱ्याच्या सांगीवर घ्यावा लागत नव्हता.

या मजल्यावर निष्ठेची कसोटी वेगळ्याच जागी लागली. स्वस्त दरांच्या चढाओढीत गावोगावी माणसे दोन दोन सिमकार्डे बाळगू लागली होती आणि दोन्ही एकाच फोनात चालावीत ही गरज उघड होती. मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांनी आणि बिननावाच्या चिनी फोनांनी ती आधी ओळखली. नोकियाचा दोन सिमचा फोन भारतात २०११ च्या मध्यावर आला, तोवर उशीर झाला होता. गावच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेणे हा त्या काळचा रिवाज होता. सुरुवातीच्या विंडोज फोनात कार्ड काढता येत नसे, ब्लूटूथवरून गाणे पाठवता येत नसे, आणि गाणी भरायला संगणकाची गरज पडे. कॅलिफोर्नियात वा हेलसिंकीत बसून पाहिले तर या त्रुटी किरकोळ दिसाव्यात. येथे त्या फोनाच्या उपयोगाच्या मुळावरच येत होत्या. दुकानाच्या काउंटरवर जो निर्णय झाला तो वाद न घालता झाला. माणसाने जुना नोकिया मुलाला दिला आणि स्वतः दुसऱ्या कंपनीचा घेतला. हर्शमन यांच्या भाषेत सांगायचे तर येथे आवाज उठलाच नाही. निर्गमन मात्र घाऊक झाले.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यांनी वाद घातला त्यांची मते नोंदली गेली, आणि पुढील अभ्यासकांनी त्या नोंदींवरून असे अनुमान काढले की नोकियाची निष्ठा सिम्बियनवर होती. ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांची निष्ठा कळफलकावर, टिकाऊपणावर आणि भाषेवर होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही लिहिणाऱ्यांच्या वादांनाच आपण पुष्कळदा त्या काळचे मत मानून बसतो, याची येथे आठवण व्हावी.

भाषेचा प्रश्न तर वाचकांच्या अगदी जवळचा आहे. विंडोज फोन ७ प्रथम आला तेव्हा त्याचा मेनू केवळ पाच युरोपीय भाषांत होता. पुढील वर्षी भाषा वाढल्या, त्यांतही भारतीय भाषा एकही नव्हती. हिंदीला जागा मिळाली ती विंडोज फोन ८ मध्ये. ज्या कंपनीने २००० साली हिंदी मेनू दिला आणि कळांवर देवनागरी अक्षरे छापली, तिच्याच सर्वांत महागड्या फोनावर दशकभरानंतर देवनागरी मेनू असू नये, हा धोरणबदलाचा परिणाम त्या वेळच्या वादात क्वचितच चर्चिला गेला. कार्यप्रणाली ही एका अर्थी लिपीसारखी असते. मोडी व्यवहारातून गेली तेव्हा मराठी भाषा गेली नाही; पण मोडीत लिहिलेले असंख्य कागद पुढच्या पिढ्यांना मुके झाले आणि मोडीत तरबेज असलेल्या कारकुनाचे कसब निरुपयोगी ठरले. देवनागरीचा स्वीकार चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, जुन्या कसबाची किंमत कोणाच्या नावे मांडली गेली? आमच्या पिढीने जुन्या फॉन्टांतले लेखन युनिकोडमध्ये आणताना तीच किंमत लहान प्रमाणावर मोजली आहे. फरक असा की युनिकोड ही कोणा एका कंपनीच्या मालकीची वाट नव्हती, त्यामुळे ती एका सकाळी बंद होण्याची भीती नव्हती.

खालच्या मजल्याला सावरण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये एस-४० वरील फोनांची नवी मालिका ‘आशा’ या नावाने आली. नाव आपल्याच भाषांतले होते. २०१३ मध्ये आशा ५०१ चे अनावरण दिल्लीत झाले. त्याच वर्षीचा ल्युमिया ५२० सुमारे साडेदहा हजारांत मिळू लागला आणि तो भारतात चांगला खपला. पण तोवर निर्णयाची सूत्रे हातातून गेली होती. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने आपला फोनव्यवसाय ५४४ कोटी युरोंना मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरवले आणि एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पुरा झाला. लाइफ टूल्स, जिचे नाव पुढे ‘नोकिया लाइफ’ झाले होते, ती सेवा २०१३ अखेर बंद पडली. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आशा आणि एस-४० हे दोन्ही आवरते घेतले. करविषयक वादामुळे व्यवहारातून वगळलेला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजी थांबला आणि हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य तरुण मुली, घरी गेल्या. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले, आणि जानेवारी २०२० मध्ये विंडोजच्या मोबाइल आवृत्तीचे साहाय्य संपले. ज्या धोरणासाठी एवढा वाद झाला ते धोरण दहा वर्षेही जगले नाही. २०१६ नंतर नोकियाच्या नावाने पुन्हा फोन आले, ते एचएमडी या दुसऱ्याच कंपनीने काढलेले. त्यांतल्या स्मार्टफोनांवर अँड्रॉइड होते.

लाइफ टूल्स बंद झाली तेव्हा कोणी खुले पत्र लिहिले नाही. कोणा अधिकाऱ्याला भर सभेत प्रश्न विचारला गेला नाही. ज्यांच्या फोनवर सकाळी भाव येत असे, त्यांच्या फोनवर एका सकाळी तो आला नाही, एवढेच झाले. आज यार्डातले भाव व्हॉट्सॲपच्या गटांवर क्षणार्धात फिरतात, लिलावाची चित्रफीतही येते, आणि ती सोय जुन्या संदेशसेवेपेक्षा निःसंशय चांगली आहे. पण तीही एका परदेशी कंपनीच्या धोरणावर उभी आहे. ते धोरण बदलले तर लासलगावच्या माणसाने आपले म्हणणे कोठे मांडायचे, या प्रश्नाचे उत्तर २०११ मध्ये नव्हते. ते आजही नाही.